गेमिंग आणि रोजचं काम, दोन्हीला एकच मॉनिटर घ्यायचाय? आधी अक्षरं बघा, मग हर्ट्झ

दसरा-दिवाळीचे सेल लागले की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, मॉनिटर कुठला घेऊ. विचारणारा बहुतेक वेळा एकाच साच्यातला असतो, पुण्यात हिंजवडी नाहीतर खराडीला नोकरी, आठवड्यातले काही दिवस घरून काम, जेवणं झाली की मित्रांबरोबर व्हॅलोरंट किंवा सीएस २, शनिवार-रविवारी एखादा मोठा स्टोरीवाला गेम, आणि या सगळ्याला टेबल एकच. नाहीतर मग कर्वेनगरात रूम घेऊन राहणारा इंजिनिअरिंगचा पोरगा, दिवसभर कोडिंग न् असाइनमेंट, रात्री गेम. दोघंही सुरुवात करतात ती हर्ट्झपासून, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते तिथून, १४४ घेऊ का १६५ का १८०. मी सगळ्यांना आधी हेच सांगतो की बाबा तू दिवसाचे आठ-नऊ तास अक्षरं वाचणारेस आणि गेम खेळणारेस फार तर दोन-तीन तास, मग निवड अक्षरांवरून सुरू कर, हर्ट्झचं नंतर बघू, ते आजकाल बजेट मॉनिटरलाही बऱ्यापैकी मिळतातच.

अक्षरं कशी दिसणार हे ठरतं आकार आणि रिझोल्यूशनच्या (स्क्रीनवर एकूण किती पिक्सेल म्हणजे बारीक ठिपके आहेत त्याच्या) जोडीवर, एकट्या आकारावर नाही आणि एकट्या रिझोल्यूशनवरही नाही. २४ इंचावर १०८०पी (१९२० बाय १०८० पिक्सेल) घेतलं तर एका इंचात साधारण ९२ पिक्सेल बसतात, हे चालतं. तेच १०८०पी २७ इंचावर ताणलं की ८२ पिक्सेल उरतात आणि इथं गडबड होते. २७ इंचावर १४४०पी (२५६० बाय १४४०) घेतलं की थेट १०९. सेलमध्ये जोरात खपतो तो २७ इंची १०८०पी, कारण मोठा दिसतो आणि स्वस्त असतो, आणि माझ्या मते वाचायचं काम असणाऱ्यानं तोच टाळावा.

पटत नसेल तर दुकानात एक करून बघा. वर्डमध्ये नेहमीच्या साइजला 'सर्वांनी', 'वर्षांत', 'स्वास्थ्य', 'लक्ष्मी' असे शब्द टाइप करा आणि घरी टेबलावर बसता तेवढ्या अंतरावर उभं राहून वाचा. 'सर्वांनी'मध्ये रफार आणि अनुस्वार शेजारी शेजारी येतात, कमी पिक्सेलच्या स्क्रीनवर ते दोन्ही एकमेकांत मिसळून एक काळा ठिपका होतो, 'स्थ्य'च्या पोटातली जागा भरून जाते. इंग्रजी अक्षरं सुटसुटीत असतात म्हणून तिथं हे लगेच कळत नाही, पण ज्याला मराठी वाचायचं-लिहायचं असतं, डीटीपी करायचं असतं, नाहीतर आईला त्याच स्क्रीनवर ई-पेपर वाचायचा असतो, त्याला पहिल्याच आठवड्यात कळतं. डोळे मिचकावून वाचायला लागलात तर मग १८० हर्ट्झ असून काय उपयोग.

मग सरळ सगळ्यांनी १४४०पी घ्यावा का, तर नाही, कारण इथं ग्राफिक्स कार्ड मध्ये येतं. १०८०पीमध्ये साधारण २१ लाख पिक्सेल असतात, १४४०पीमध्ये ३७ लाख आणि ४केमध्ये (३८४० बाय २१६०) ८३ लाख, आणि प्रत्येक फ्रेमला, म्हणजे गेमच्या प्रत्येक चित्राला, हे सगळे कार्डाला नव्यानं रंगवायला लागतात. जीटीएक्स १६५० किंवा आरटीएक्स ३०५० असेल तर २४ इंची १०८०पी बरा, त्यात व्हॅलोरंटसारखे हलके गेम मस्त पळतात. आरटीएक्स ४०६० किंवा त्याच्या आसपासचं काही असेल तर २७ इंची १४४०पी बिनधास्त घ्या, जड गेममध्ये सेटिंग थोडी खाली आणायची, नाहीतर डीएलएसएस किंवा एफएसआर चालू करायचं, त्यात कार्ड कमी पिक्सेलचं चित्र बनवून ते मोठं करतं. आणि आज कार्ड लहान आहे पण वर्षा-दोन वर्षांत बदलणार आहात हे नक्की असेल तरी १४४०पीच घ्या, कारण कार्ड बदलतं, रॅम बदलते, मॉनिटर मात्र सात-आठ वर्षं टेबलावरून हलत नाही.

४केबद्दल थोडक्यात. २७ इंचावर ४के घेतलं तर विंडोजमध्ये स्केलिंग (अक्षरं-चिन्हं मोठी करायचं सेटिंग) १५० टक्के ठेवायला लागतं, म्हणजे जागा १४४०पीएवढीच मिळते, अक्षरं मात्र छापल्यासारखी येतात. ज्यांचं काम मॅकबुकवर आहे त्यांनी याचा विचार जरूर करावा, कारण २०१८च्या मॅकओएस मोहावेपासून ॲपलनं अक्षरं गुळगुळीत करायची जुनी पद्धत बंद केली आणि तेव्हापासून कमी पिक्सेलच्या मॉनिटरवर मॅकची अक्षरं विंडोजपेक्षा जास्त धूसर दिसतात. पण गेम ४केमध्ये खेळायचे म्हणजे कार्डावरच भरपूर पैसे जाणार, ती तयारी असली तरच.

आता पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारा मूळ पडदा, त्याचे आयपीएस, व्हीए, ओलेड आणि टीएन असे प्रकार असतात. दोन्ही कामं असणाऱ्याला माझं उत्तर आयपीएस. रंग नीट दिसतात, बाजूला खुर्ची टाकून बसलेल्यालाही तेच दिसतं जे तुम्हाला दिसतं, आणि पांढऱ्या पानावरची काळी अक्षरं स्वच्छ. कमतरता एकच, काळा रंग पूर्ण काळा नसतो, अंधाऱ्या खोलीत राखाडी वाटतो, कारण कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढरा काळ्याच्या किती पट उजळ, तो साधारण १०००:१ असतो. व्हीएमध्ये तो ३०००:१ किंवा त्याच्या वर जातो, त्यामुळं रात्री लाइट बंद करून सिनेमा बघायला व्हीए खरंच छान. पण स्वस्त व्हीएमध्ये काळ्यावरून राखाडीकडे जाताना पिक्सेल मागं पडतात. गेममध्ये अंधाऱ्या गुहेत नाहीतर रात्रीच्या सीनमध्ये कॅमेरा झर्रकन फिरवला की भिंतींच्या, खांबांच्या मागं काळी शेपटी ओढल्यासारखी दिसते, आणि हे फक्त गेममध्ये नाही, डार्क मोडमध्ये कोड स्क्रोल करतानाही अक्षरांच्या मागं तोच काळपट ओघळ येतो. काहींना हे जाणवतच नाही, काहींना एकदा दिसलं की मग सारखं तेच दिसत राहतं. वळलेले म्हणजे कर्व्हड मॉनिटर स्वस्तात मिळतात ते बहुतेक व्हीएच असतात, २७ इंचाला वळणाची तशी गरजही नसते.

ओलेड दिसायला सगळ्यात भारी, काळा म्हणजे खरोखर काळा, आणि पिक्सेल इतके पटकन बदलतात की हलतं चित्र एकदम स्वच्छ. पण ज्याच्या स्क्रीनवर दिवसभर टास्कबार, एक्सेलच्या रेघा आणि टीम्सची पट्टी एकाच जागी उभी असते त्याला मी अजून तरी ओलेड सुचवत नाही, एकच चित्र वर्षानुवर्षं एका जागी राहिलं की त्याचा कायमचा डाग पडायची भीती असते, शिवाय त्यातल्या पिक्सेलची मांडणी वेगळी असल्यानं बऱ्याच मॉडेलमध्ये अक्षरांच्या कडेला रंगीत झाक येते. फक्त गेम आणि सिनेमा असेल तर गोष्ट वेगळी. टीएन हा जुना प्रकार आता विसरा.

आणि आता हर्ट्झ, ज्यावर सगळे भांडतात. ६० हर्ट्झला एक चित्र १६.७ मिलिसेकंद स्क्रीनवर राहतं, १४४ला ६.९, १८०ला ५.६ आणि २४०ला ४.२. हे आकडे नीट बघा, ६० वरून १४४ला गेलं की जवळजवळ दहा मिलिसेकंद वाचतात, १४४ वरून १८०ला गेलं की जेमतेम १.४. म्हणून पहिली उडी डोळ्यांना लगेच कळते, अगदी डेस्कटॉपवर माउस हलवला, ब्राउझर स्क्रोल केला तरी कळते, आणि पुढच्या उड्या कळायला स्पर्धेत उतरल्यासारखं खेळायला लागतं. १४४च्या वर मिळत असेल तर घ्या, पण १८०साठी रिझोल्यूशन किंवा पॅनल खाली आणू नका. फक्त ऑफिसचं काम आणि अधूनमधून गेम असेल तर १००ही पुरतात.

सोबत फ्रीसिंक किंवा जी-सिंक कंपॅटिबल आहे ना ते बघा. कार्ड जेवढ्या फ्रेम देईल त्या तालावर मॉनिटर चालतो, म्हणून चित्र मध्येच फाटल्यासारखं होत नाही. २०१९पासून एनव्हिडियाची कार्डंही फ्रीसिंकवाल्या मॉनिटरवर हे करू देतात, त्यामुळं आता वेगळं महागडं मॉडेल शोधायची गरज नाही. गेममध्ये फ्रेमची मर्यादा मॉनिटरच्या हर्ट्झपेक्षा तीन-चारनं कमी ठेवा, म्हणजे १४४ला १४०, जास्त मजा येते.

खोक्यावरच्या दोन गोष्टींना अजिबात किंमत देऊ नका. '१ मिलिसेकंद' (पिक्सेल बदलायला लागणारा वेळ) हे एक, कारण तो आकडा बऱ्याचदा असं सेटिंग लावून मोजलेला असतो जे रोज कुणी वापरत नाही, स्क्रीन अंधुक होते नाहीतर वस्तूंच्या कडेला उलटी पांढरी सावली येते. मेनूमध्ये पिक्सेल लवकर बदलायला लावणारा ओव्हरड्राइव्ह असतो तो मधल्या पायरीवर ठेवा. दुसरं 'एचडीआर ४००' (एचडीआर म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवणं), त्याला स्क्रीनचा वेगवेगळा भाग वेगवेगळा उजळ करायची अटच नाही, मग अंधार आणि उजेड एकाच सीनमध्ये खरे दिसणार कसे? खरं एचडीआर हवं तर मिनी एलईडी किंवा ओलेड, त्याचे पैसे वेगळे.

पोर्टकडे मात्र नीट लक्ष द्या, इथं बरेच जण फसतात. पुष्कळ बजेट मॉनिटरमध्ये पूर्ण १८० हर्ट्झ फक्त डिस्प्लेपोर्टवर मिळतात आणि एचडीएमआयवर १४४ किंवा त्याहून कमी, हे बारीक अक्षरात मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, ते घ्यायच्या आधी कंपनीच्या साइटवरून उतरवून वाचा. पीएस ५ लावायचा असेल तर १४४०पी चालतं, सोनीनं ते सप्टेंबर २०२२मध्ये दिलं, पण ४के १२०ला एचडीएमआय २.१च लागतं. ऑफिसचा लॅपटॉप लावायचा असेल तर टाइप-सी आणि त्यातून ६५ वॉट चार्जिंग असलेला मॉनिटर घ्या, एकाच वायरीत चित्रही जातं आणि चार्जिंगही होतं, आणि सकाळी घाईत ऑफिसला निघताना एकच वायर काढायची. खोक्यात डिस्प्लेपोर्टची केबल नसेल तर पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळून जाईल, फक्त व्हर्जन विचारून घ्या.

ऑनलाइन घ्यायचं की दुकानातून? भाव ऑनलाइन कमी दिसतो हे खरंय, पण मॉनिटर डोळ्यांनी बघून घ्यायची वस्तू आहे, निदान तेच मॉडेल नाहीतर त्याच पॅनलचं दुसरं कुठंतरी चालू स्थितीत बघून या. लॅपटॉप सोबत न्या. एक पूर्ण काळं चित्र, एक पूर्ण पांढरं, आणि लाल-हिरवं-निळं मोबाइलमधून टाकून ठेवा, काळ्यावर कोपऱ्यात पिवळट उजेड गळतोय का आणि बाकीच्यांवर एखादा पिक्सेल मेलेला आहे का हे दोन मिनिटांत कळतं. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये स्क्रीनचा ब्राइटनेस कमी करून शूटिंग करा, काळे पट्टे वर-खाली पळताना दिसले तर बॅकलाइट लुकलुकतोय, संवेदनशील माणसाचं डोकं दुखतं त्यानं. वॉरंटी तीन वर्षांची आहे ना, त्यात पॅनल येतं ना, किती पिक्सेल मेले तर बदलून मिळतो, आणि माणूस घरी येतो का आपण खोकं घेऊन सर्व्हिस सेंटरला जायचं, हे सगळं बिल करायच्या आधी विचारा, बिल जीएसटीचं पक्कं घ्या. ऑनलाइन घेतला तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ सलग काढा आणि परत करायची मुदत संपायच्या आत वरच्या सगळ्या चाचण्या घरी करा.

घरी आल्यावर केबल ग्राफिक्स कार्डात लावा, मदरबोर्डच्या पोर्टमध्ये नाही. मग विंडोजच्या सेटिंगमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथं जाऊन हर्ट्झ स्वतः निवडा, नाहीतर १८०चा मॉनिटर ६०वर चालत राहतो आणि वर्षभर कुणाला पत्ता नसतो. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हातभर. खिडकी समोर नको आणि पाठीमागंही नको, बाजूला हवी, आपल्याकडे पश्चिमेच्या गॅलरीतून एप्रिलमध्ये दुपारनंतर जो उजेड येतो त्यापुढं २५० निट्सचा (निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) मॉनिटर हरतो, तेव्हा तशी खोली असेल तर ३५० निट्स आणि मॅट स्क्रीन बघा, पडदा तर लावाच. स्टँड वर-खाली होत नसेल तर मागं वेसाची चार भोकं आहेत का तपासा, ७५ किंवा १०० मिलिमीटरची, नंतर आर्म लावता येतो, आणि छोट्या टेबलावर त्यानं बरीच जागा मोकळी होते.

स्पाइक गार्ड वापरा, आणि गुरुवारी महावितरणचं काम निघालं की कॉल मध्येच तुटू नये म्हणून छोटा यूपीएस ठेवा, २७ इंची मॉनिटर साधारण ३०-४० वॉटच खातो त्यामुळं लॅपटॉप, मॉनिटर आणि राउटर त्यावर आरामात निघतात, गेमिंगचा पीसी मात्र त्याच यूपीएसवर खेळता खेळता टिकेल ही अपेक्षा नको. आणि जुना २२-२४ इंची मॉनिटर घरी असेल तर तो विकू नका, त्याचे तसेही काही येत नाहीत, शेजारी उभा लावा, चॅट आणि डॉक्युमेंट तिकडं गेली की मुख्य स्क्रीन कामाला पूर्ण मोकळी राहते.