ट्रायेज टॅग: केमिकलच्या दुर्घटनेत रुग्णाचा माग सुटू नये म्हणून या चुका टाळा

ट्रायेज टॅग म्हणजे दुर्घटनेत कोणाला आधी उपचार हवेत हे दाखवणारं, रुग्णाच्या अंगावर बांधायचं नंबर असलेलं रंगीत कार्ड. त्याचा रंग ठरवायला अर्धा-एक मिनिट लागतं आणि आपलं बहुतेक प्रशिक्षण त्या एका मिनिटाभोवतीच फिरतं. चालता येतं का, श्वास मिनिटाला ३० च्या वर आहे का, मनगटाची नाडी लागते का, सांगितलेलं कळतं का, एवढं पाहायचं आणि हिरवा (किरकोळ), पिवळा (थोडा थांबू शकतो), लाल (लगेच उपचार) किंवा काळा (मृत किंवा वाचण्यापलीकडचा) ठरवायचा. कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचचं अग्निशमन दल आणि तिथलंच होग हॉस्पिटल यांनी १९८३ मध्ये बसवलेली ही 'स्टार्ट' पद्धत चांगलीच आहे. पण पुढचं अवघड काम त्यानंतर सुरू होतं. तो टॅग त्या माणसाच्या अंगावर टिकायला हवा: प्लँटच्या आवारातून रसायन धुवायच्या शॉवरखाली, तिथून १०८ ॲम्ब्युलन्समध्ये, मग कॅज्युअल्टीत आणि शेवटी वॉर्डात. केमिकलची दुर्घटना असेल तर टॅग नेमका याच वाटेवर हरवतो. डोंबिवली, तारापूर, महाड, लोटे अशा केमिकल कारखान्यांच्या पट्ट्यांतले सेफ्टी ऑफिसर आणि त्यांच्या जवळच्या हॉस्पिटलांतल्या नर्स यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

टॅग कपड्यांना अडकवणं

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. शर्टाच्या बटणाला किंवा ओढणीला टॅग बांधायला सोपा जातो. पण अंगावर रसायन उडालेल्या माणसाचे कपडे पाच मिनिटांत उतरवायचे असतात, कारण नुसते कपडे काढले तरी अंगावरच्या रसायनाचा मोठा हिस्सा निघून जातो. कपडे पिशवीत जातात आणि टॅगही त्यांच्याबरोबर जातो. शॉवरच्या पलीकडे बाहेर येतो तो बिननंबरचा माणूस. बेशुद्ध असेल तर मग त्याचं नाव, त्याला काय लागलं, काय दिलं, यातलं काहीच कोणाला सांगता येत नाही.

टॅग मनगटावर बांधा. हात भाजला असेल तर घोट्यावर बांधा, स्ट्रेचरच्या दांड्याला कधीच नाही. जपानमध्ये क्रमच ठरवून दिला आहे: आधी उजवं मनगट, ते शक्य नसेल तर डावं, मग उजवा घोटा, डावा घोटा आणि शेवटी गळा. क्रम ठरलेला असला की पुढच्या माणसाला टॅग शोधत बसावं लागत नाही. आपल्याकडे मनगटावर गंडा, दोरा, घड्याळाचा चामडी पट्टा असतो. त्यात रसायन मुरतं. तो आधी कापून काढा आणि मगच टॅग बांधा, नाहीतर टॅगखाली त्वचा जळत राहते.

टॅग पाण्यात टिकतो का, हे न तपासणं

खरेदी करताना नमुना मागा आणि स्वतः करून पाहा. टॅगवर लिहा, साबणाच्या पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं ठेवा आणि मग ग्लोव्ह घातलेल्या बोटाने अक्षरं चोळा. जेल पेनची शाई पसरते. बॉलपेन ओल्या कार्डावर उमटतच नाही. परमनंट मार्कर पाण्याला दाद देत नाही म्हणून सगळे तोच वापरतात, पण सॉल्व्हेंटचा कारखाना असेल तर तोही पुसला जातो. साधी पेन्सिल दोन्हींत टिकते. प्रत्येक टॅगच्या गठ्ठ्याला दोन पेन्सिली दोऱ्याने बांधून ठेवा.

'घाण' टॅग स्वच्छ बाजूला जाऊ देणं

धुतलेल्या माणसाच्या हातावर तोच रसायन लागलेला टॅग राहिला तर तो ॲम्ब्युलन्समध्येही तसाच जातो. म्हणून शॉवरच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक, असे दोन टॅग लागतात, आणि दोन्हींवर नंबर मात्र तोच हवा. या सीमेवर दोन माणसं फक्त याच कामाला नेमा. अलीकडचा माणूस जुना टॅग वाचून मोठ्याने सांगतो, "लाल, चार-शून्य-सात, ॲट्रोपिन दहा वाजून वीस." (ॲट्रोपिन हा काही विषांवरचा उतारा आहे.) पलीकडचा ते जसंच्या तसं परत म्हणतो, नव्या टॅगवर लिहितो, आणि तो मनगटावर बांधल्यावरच जुना कापतात. मास्कमधून आवाज नीट येत नाही, त्यामुळे परत म्हणणं टाळू नका. 'सात' आणि 'साठ' तिथे सारखेच ऐकू येतात. कपडे, मोबाइल, मंगळसूत्र यांच्या बंद पिशवीवरही तोच नंबर घाला. बायकांसाठी आडोसा आणि वेगळी रांग नसेल तर त्या कपडे उतरवायला तयार होत नाहीत आणि न धुताच रिक्षाने निघून जातात. ही व्यवस्था ड्रिलपासूनच असू द्या.

चुकीची पट्टी फाडणं

नेहमीच्या टॅगला खाली चार रंगीत पट्ट्या असतात: वरून काळी, लाल, पिवळी आणि सगळ्यात खाली हिरवी. रुग्ण लाल असेल तर लालच्या खालच्या पट्ट्या फाडायच्या, म्हणजे लाल शेवटी उरते. घाईत लोक लाल पट्टीच फाडून हातात घेतात आणि रुग्णाच्या टॅगवर शेवटी काळी उरते. हे एकदा हातात टॅग घेऊन फाडून पाहिल्याशिवाय अंगवळणी पडत नाही, म्हणून सरावाला फोटोकॉपीचे टॅग भरपूर वापरा.

याच रचनेमुळे आणखी एक अडचण येते. रुग्ण बिघडला तर पुढची पट्टी फाडता येते, सुधारला तर फाडलेली परत जोडता येत नाही. तेव्हा नवा टॅग बांधा, जुन्यावर आडवी रेघ मारून तो तसाच राहू द्या आणि जुना नंबर नव्यावर लिहा.

हिरवा म्हणजे घरी सोडणं

अपघातात चालणारा माणूस बहुधा बरा असतो. वायुगळतीत असं धरून चालता येत नाही. फॉस्जीन किंवा नायट्रिक ॲसिडचा पिवळसर-तपकिरी धूर छातीत गेलेला कामगार तासभर गप्पा मारत बसतो आणि रात्री त्याच्या फुप्फुसांत पाणी भरतं. हिरव्या टॅगवर गॅस लागल्याची वेळ लिहा, त्याला पळापळ करू देऊ नका आणि दर थोड्या वेळाने पुन्हा तपासा. प्रत्येक तपासणीची वेळ टॅगवर यायला हवी.

रसायनाचं नाव 'गॅस' असं लिहून उपयोग नाही. टँकरच्या पाटीवर यूएन नंबर, म्हणजे रसायन ओळखायचा जगभर एकच असलेला चार आकडी क्रमांक असतो, क्लोरीनचा १०१७, अमोनियाचा १००५. तो उतरवून घ्या. डॉक्टरला त्यावरून पुढचं कळतं.

हॉस्पिटलच्या फाटकावर टॅग नसणं

टोकियोच्या भुयारी रेल्वेत २० मार्च १९९५ ला सरीन हे मज्जासंस्थेवर घाला घालणारं विष सोडलं गेलं, तेव्हा एकट्या सेंट ल्यूक्स हॉस्पिटलमध्ये पहिल्या दिवशी ६४० रुग्ण आले. बहुतेक ॲम्ब्युलन्सने नाही, आपापले आले. घटनास्थळी त्यांना कोणी धुतलं नव्हतं. कपड्यांतली वाफ हॉस्पिटलात पसरली आणि नंतरच्या पाहणीत २३ टक्के कर्मचाऱ्यांनी आपल्यालाही त्रास झाल्याचं सांगितलं. सरीन आपल्या कीटकनाशकांच्याच ऑरगॅनोफॉस्फेट कुळातलं. यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणीच्या विषबाधेचे रुग्ण ज्यांनी सांभाळले, त्यांना ॲट्रोपिनची वेळ आणि मात्रा लिहून ठेवण्याचं मोल वेगळं सांगायला नको.

तेव्हा टॅगचा एक गठ्ठा, कात्री, पिशव्या आणि पाण्याचा पाइप फाटकावरही ठेवा. नोंद आणि धुणं तिथेच, कॅज्युअल्टीच्या दाराआधी.

केसपेपर झाला की टॅग फेकणं

कंपनीच्या गेटवर एक नंबर, १०८ मध्ये दुसरा, हॉस्पिटलात एमएलसीचा (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांसाठीची नोंद) तिसरा. एमएलसी झाली की टॅग कचऱ्यात जातो आणि मागची साखळी तुटते. मुंबईत ११ जुलै २००६ ला अकरा मिनिटांत सात लोकल गाड्यांत स्फोट झाले, जखमी कितीतरी हॉस्पिटलांत विखुरले आणि नातेवाईक एका हॉस्पिटलातून दुसऱ्यात शोधत फिरले. तो शोध कमी करायचा असेल तर टॅगचा नंबर केसपेपरच्या पहिल्या पानावर लिहा आणि धुतल्यानंतरचा स्वच्छ टॅग केसपेपरला जोडा. ॲम्ब्युलन्स सुटण्याआधी टॅगचा तुकडा फाडून त्यावर गाडी नंबर, हॉस्पिटल आणि वेळ लिहिणारा एक माणूस ठेवा. बारकोड असला तरी कागद हवाच. बॅटरी आणि नेटवर्क अशा वेळी दगा देतात. मृतदेहाचा टॅगही पंचनामा होईपर्यंत निघता कामा नये.

रात्रीसाठी एक सूचना. रस्त्यावरच्या सोडियम दिव्याखाली पिवळा आणि हिरवा ओळखू येत नाही, आणि काहींना दिवसाही लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही. रंगाबरोबर ठळक अक्षरात शब्द छापलेला टॅगच घ्या.

पुढच्या मॉक ड्रिलला वेळ मोजताना शेवटी एवढं करा: कोणताही एक टॅग नंबर उचला आणि कंट्रोल रूमला विचारा, हा रुग्ण आत्ता कुठल्या हॉस्पिटलात, कुठल्या खाटेवर आहे, आणि त्याचे कपडे कुठल्या पिशवीत आहेत.