पिकअपच्या मागच्या फ्लेअरचा रंग उडतोय? आधी पुढचं चाक बघा

व्ही-क्रॉस, हायलक्स अशा पिकअपवाले चार जण भेटले की हा विषय निघतोच. बाकी गाडी चकाचक, आणि मागच्या चाकावरचे बॉडी कलर मारलेले फेंडर फ्लेअर (चाकाच्या कमानीवरची बाहेर आलेली प्लॅस्टिकची पट्टी) मात्र देवीचे व्रण असल्यासारखे ठिपके ठिपके. मग कोणीतरी लगेच सल्ला देतं की सिरॅमिक कोटिंग करून घे. चमक हवी असेल तर जरूर करा, पण तो थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा असतो, साठ-सत्तरच्या स्पीडला उडालेली खडी त्याला काय जुमानणार!

दगड येतो कुठून ते आधी बघू. मागच्या फ्लेअरवरचा बहुतेक मार पुढच्या टायरचा असतो. टायरच्या नक्षीत खडी अडकते, चाक फिरताना सुटते आणि मागे-बाहेर फेकली जाते, आणि त्या रस्त्यात बॉडीच्या बाहेर आलेली पहिली गोष्ट म्हणजे मागचा फ्लेअर. म्हणून चिप्स (दगड लागून रंग उडालेले ठिपके) बघितल्या तर फ्लेअरच्या पुढच्या अर्ध्या भागात, त्यातही खालच्या बाजूला जास्त सापडतील. ऑल-टेरेन टायर टाकले की नक्षी खोल, त्यामुळे दगड जास्त अडकतात. त्यात स्पेसर (चाकामागे बसवायची जाड चकती) किंवा कमी ऑफसेटचे, म्हणजे चाक बाहेरच्या बाजूला बसवणारे अलॉय व्हील टाकून चाक बाहेर काढलं की झालंच. (तसंही कंपनीने दिलेल्या स्पेसिफिकेशनमध्ये असे बदल करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकू शकतं, ते वेगळं.)

आता सुतळीची टेस्ट करा, फुकट आहे. पुढच्या टायरची बाहेरची कड जमिनीला टेकते तिथे सुतळीचं एक टोक धरा, दुसरं टोक मागच्या फ्लेअरवर जिथे रंग उडालाय तिथे ताणून धरा. सुतळी मडफ्लॅपला न लागता सरळ गेली तर दगडही तसाच जाणार. स्टिअरिंग थोडं वळवून परत बघा, कारण वळणावर टायर अजून बाहेर येतो आणि आपल्या घाटांत वळणांना काही तोटा नाही.

म्हणजे पहिला खर्च पुढच्या मडफ्लॅपवर करायचा. बऱ्याच गाड्यांचा मूळ फ्लॅप छोटा असतो, रुंद टायर टाकल्यावर तर तो टायर पूर्ण झाकतच नाही. फ्लॅप टायरच्या बाहेरच्या कडेपेक्षा बोटभर तरी जास्त रुंद हवा आणि लवचीक रबराचा हवा, कडक प्लॅस्टिकचा एखाद्या स्पीडब्रेकरवर किंवा रिव्हर्स घेताना तुटून जातो. रबर शीट कापून ॲक्सेसरीवाला करून देतो, फक्त बोल्टच्या मागे पत्र्याची पट्टी द्यायला सांगा नाहीतर भोक फाटतं. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे फुल लॉक करून टायर घासत नाही ना ते बघा. दिसायला जरा ट्रकसारखं दिसतं हे मान्य, पण फरक यानेच सगळ्यात जास्त पडतो.

त्यानंतर पीपीएफ, म्हणजे रंग वाचवायला वरून चिकटवायची पारदर्शक फिल्म. टीपीयू या लवचीक प्लॅस्टिकची, साधारण २०० मायक्रॉनच्या आसपासची घ्या. व्हिनाइल रॅप त्याच्या निम्म्याच जाडीचा असतो, दगडासाठी त्याचा उपयोग फार नाही. पूर्ण गाडीला करायची गरजच नाही, फ्लेअरचा पुढचा भाग आणि त्याच्या पुढचा दाराखालचा पट्टा एवढं बस. लावायच्या आधी डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने काढा, मग आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा, तेलकटपणा राहिला तर कड सुटणारच. फिल्मची कड फ्लेअरच्या आत थोडी वळवून घ्यायला लावा आणि रंगावर ब्लेड चालवून कापू देऊ नका, आपण चिप वाचवायला गेलो आणि त्याने चरा पाडून ठेवला असं नको. फ्लेअर नुकताच रंगवला असेल तर रंग नीट सुकू द्या, साध्या हवेवर सुकवलेल्या रंगाला महिनाभर तरी. फिल्म लावल्यावर आठवडाभर प्रेशर वॉशर मारायचा नाही, आणि एरवीही वॉशिंगवाल्याला नोझल फ्लेअरला चिकटवून धरू देऊ नका, बारीक चिपच्या कडेत पाणी घुसलं की रंगाची पापडी निघते.

फ्लेअर रंगवायचेच असतील तर डेंटर-पेंटरला दोन गोष्टी ठणकावून सांगा: प्लॅस्टिकवर आधी ॲडहेजन प्रोमोटर (रंग धरून ठेवणारा थर) आणि रंगात फ्लेक्स ॲडिटिव्ह (रंग लवचीक ठेवणारं मिश्रण). हे नसेल तर दगड लागल्यावर ठिपका नाही, अख्खा पोपडा निघतो. माझं मत विचाराल तर रंगवूच नका, काळे खरबरीत फ्लेअर तसेच ठेवा, उडायला रंगच नाही. (त्या खरबरीत प्लॅस्टिकवर पीपीएफ धड चिकटतही नाही, पैसे घालवू नका.)

दगडापेक्षा वाईट जागा एक आहे जी वरून दिसत नाही, फ्लेअर आणि पत्रा यांच्यामधली फट. तिथे चिखल आणि बारीक कच जाऊन बसते, गाडी थरथरली की पॉलिश पेपरसारखी घासत राहते, आणि खाली पत्रा उघडा पडतो. कोकणात खारी हवा असल्यामुळे गंज तर लगेच. पावसाळ्याआधी फ्लेअर काढून आतून धुवा, पत्र्यावर जिथे टेकतो तिथे पीपीएफची पट्टी लावा, कडेचं रबर बीडिंग फाटलं असेल तर बदला. स्क्रूसाठी बॉडीला भोकं पाडली असतील तर कडांना इपॉक्सी प्रायमर लागलाय का तेही तेव्हाच बघा.

रस्त्यावर एवढंच की पॅचवर्कची ताजी खडी दिसली की चाळीसच्या खाली या, आणि तिथून बाहेर पडल्यावर थांबून नक्षीत अडकलेले मोठे दगड स्क्रू ड्रायव्हरने काढा.

तरी एखादी चिप पडलीच तर प्लॅस्टिकवर घाई नाही, पण पत्र्यावर असेल तर पाऊस सुरू व्हायच्या आत टच-अप करा: गंज घासून काढा, प्रायमर, मग गाडीच्या कलर कोडचा रंग काडीच्या टोकाने पातळ थरात दोनदा, वरून क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर. फिल्म लावायची असेल तर ती यानंतर.