जुन्या रंगावर प्लास्टरचा पातळ लेप : तयारी कोठे वाचते आणि कोठे नाही

जुन्या, रंगवलेल्या भिंतीवर प्लास्टरचा गुळगुळीत लेप द्यायचा म्हटले की आजवर निम्मे काम लेपाच्या आधीच होत असे. रंग खरवडणे, भिंत घासून खडबडीत करणे, तिने पाणी ओढून घेऊ नये म्हणून प्रायमरचा हात देणे, तो वाळेपर्यंत थांबणे आणि मगच गुरमाळा हाती घेणे, असा तो क्रम होता. आता ‘थेट रंगावर लावा’, ‘प्रायमरची गरज नाही’ असे लिहिलेले डबे आणि पिशव्या सर्रास मिळतात. हे दावे खोटे नाहीत. मात्र ते अर्धीच गोष्ट सांगतात. नवे मिश्रण चिकटते ते भिंतीच्या सर्वांत वरच्या थराला, आणि तो थर आपल्या खालच्या थराला किती घट्ट धरून आहे याची जबाबदारी कोणतेही मिश्रण घेत नाही.

साधे जिप्सम प्लास्टर म्हणजे सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून बरेचसे पाणी काढून टाकलेले जिप्सम. त्यात पुन्हा पाणी मिसळले की सुईसारखे स्फटिक तयार होतात, ते एकमेकांत गुंततात आणि लेप घट्ट होतो. हे स्फटिक भिंतीच्या छिद्रांत शिरून पकड घेतात. त्यामुळे तकतकीत रंगावर त्यांना धरायला काहीच सापडत नाही, आणि कोरड्या, तहानलेल्या भिंतीवर पाणी आधीच शोषले गेल्याने ते नीट तयारच होत नाहीत. नव्या मिश्रणांत या दोन्ही अडचणींवर उपाय असतो. पाण्यात पुन्हा विरघळून चिकटपणा देणारी पॉलिमरची भुकटी गुळगुळीत पृष्ठभागाला धरते, तर सेल्युलोजपासून केलेला घटक पाणी लेपातच अडवून ठेवतो. म्हणजे प्रायमर नाहीसा झालेला नाही. त्याचे काम पिशवीच्या आत गेले आहे.

बाजारात यांचे ढोबळमानाने तीन प्रकार आढळतात. पॉलिमर घातलेले जिप्समचे चूर्ण पाण्यात कालवल्यावर रासायनिक क्रियेने घट्ट होते. डब्यात तयार येणारे, रोलरने लावायचे मिश्रण केवळ पाणी उडून गेल्याने वाळते. त्यामुळे त्याला घाई नसते, नवख्या हातालाही ते सांभाळून घेते, पण जाड थर दिल्यास आकसून तडकते. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी ओलसर जागी अधिक टिकते, परंतु ती सिमेंटच्या प्लास्टरवरच द्यावी, तिच्यासाठी भिंत आधी हलकी ओली करावी आणि दोन हातांची मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या आत ठेवावी. जिप्समच्या भिंतीवर सिमेंटची पुट्टी देऊ नये, कारण ओल मिळताच दोहोंत होणारी क्रिया फुगवटा आणते आणि लेप सुटतो. रंगवलेल्या भिंतीसाठी निवड बहुधा पहिल्या दोन प्रकारांतूनच करावी लागते.

आता भिंतीकडे वळावे, कारण खरा निर्णय तिथेच होतो. बोटांच्या पेरांनी भिंतभर ठोकत जावे. जेथे पोकळ, भदभद आवाज येईल तेथील प्लास्टर काढून ती जागा वेगळी भरावी. कोरडा तळहात घासावा. पांढरी भुकटी हाताला लागली तर वरचा थर मेलेला आहे असे समजावे. मग ओल्या फडक्याने एकच जागा अर्धा मिनिट चोळावी. फडक्यावर रंग उतरला, तर तो चुना किंवा साधे डिस्टेंपर आहे, आणि अशा भिंतीवर पिशवीवर काहीही लिहिलेले असो, थेट लेप देऊ नये.

यामागचे कारण समजून घेण्याजोगे आहे. डिस्टेंपरमधील बंधक पाण्याने पुन्हा मऊ होतो. लेपातील पाणी काही तास त्याच्याशी संपर्कात राहते, खालचा थर चिखलासारखा होतो, आणि वरचा लेप वाळताना किंचित आकसतो तेव्हा तो या मऊ झालेल्या थराला सोबत घेऊनच भिंतीपासून सुटतो. मी स्वतः एकदा कपाटामागची भिंत न तपासता उरलेल्या तीन भिंतींसारखीच धरली. दुसऱ्या दिवशी लेप दिसायला उत्तम होता. चौथ्या दिवशी ताटाएवढा पोपडा हातात आला आणि त्याच्या पाठीवर जुने निळे डिस्टेंपर स्वच्छ चिकटलेले होते. मिश्रणाने आपले काम चोख केले होते.

शंका असल्यास भिंतीच्या सर्वांत वाईट कोपऱ्यात एक वीत लांब-रुंद नमुना लावून तो पूर्ण वाळू द्यावा, सुरीने त्यावर आडव्या-उभ्या चिरा पाडून चिकटपट्टी दाबावी आणि झटक्याने ओढावी. लेप चिकटपट्टीबरोबर आला तर त्याची मागची बाजू पाहावी : जुना रंग सोबत आला असेल तर तो खरवडावाच लागेल, आणि फक्त लेपच आला असेल तर रंग धुऊन घासण्यात कसूर राहिली आहे.

घट्ट बसलेला इमल्शन किंवा ऑइल पेंट असल्यास मात्र तयारी खरोखर वाचते. साबणाच्या पाण्याने तेलकटपणा व धूर काढावा, स्वच्छ पाण्याने पुसून भिंत वाळू द्यावी आणि चमक असेल तर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने ती मारावी. फार जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नये. उघडे खिळे आणि स्क्रू ऑइल पेंटने झाकावेत, नाहीतर गंजाचे डाग वर उमटतात. ओल व क्षार फुललेली भिंत या कामासाठी घेऊच नये. आधी पाण्याचा मार्ग बंद करावा.

चूर्ण कालवताना आधी बादलीत पाणी घ्यावे आणि चूर्ण त्यात सोडावे, उलट करू नये. बादली आणि मिक्सरचे पाते दर खेपेस धुवावे, कारण आधीच्या खेपेतील घट्ट झालेले जिप्समचे कण नव्या मिश्रणात स्फटिकांचे बीज ठरतात आणि ते हातात घेईपर्यंत घट्ट होऊ लागते. घट्ट होऊ लागलेल्या मिश्रणात पाणी घालून ते पुन्हा मऊ करण्याचा मोह टाळावा. तसा लेप वाळल्यावर भुसभुशीत राहतो.

पहिला हात पातळ द्यावा आणि त्यात सफाई शोधू नये. त्याचे काम फक्त पकड घेणे आहे. भेगा झाकणारी जाळीची पट्टी याच हातात बसवावी. डब्यातील मिश्रण लांब केसांच्या रोलरने साधारण एक मीटर रुंदीच्या पट्ट्यात लावून लगेच रुंद पत्र्याने (लेप सपाट करायच्या पातीने) ओढावे, आणि पत्रा भिंतीशी इतका तिरपा धरावा की त्याच्या कडेच्या रेषा उठणार नाहीत. दुसरा हात पहिल्याला आडवा ओढल्यास पहिल्यातील खोलगट जागा आपोआप भरतात. जिप्समचा दुसरा हात पहिला घट्ट झाला पण अजून ओलसर आहे तोवर द्यावा. डब्यातील मिश्रणाचा मात्र पहिला हात सर्वत्र एकसारखा फिका दिसू लागल्यावरच.

वाळल्यावर दिवा भिंतीला लागून तिरपा धरावा. समोरच्या उजेडात लपलेले उंचवटे तेव्हाच दिसतात. घासताना चांगला मास्क लावावा आणि धूळ ओल्या फडक्याने टिपावी. रंगाचा पहिला हात पाणी घालून पातळ द्यावा, कारण नवा लेप फार शोषतो. उरलेले जिप्सम मोरीत ओतू नये. ते पाण्याखालीही घट्ट होते. बादलीतच बसू द्यावे आणि ठोकून कचऱ्यात टाकावे.