आईला बाहेर बसवा, मग विचारा

नववी-दहावीतलं पोरगं ओपीडीत येतं ते डोकं दुखतंय नाहीतर पोटात दुखतंय म्हणूनच, "कशातच मन लागत नाही" असं सांगत कुणी येत नाही. सोबत आई असते, तुम्ही पोराला विचारता आणि उत्तर आई देते. म्हणून पहिलं काम आईला बाहेर बसवणं. सरळ "बाहेर थांबा" म्हटलं तर दोघंही बिथरतात, मी म्हणते, "ताई, या वयाच्या सगळ्याच मुलांशी मी दहा मिनिटं एकटीच बोलते, तोवर केसपेपरवर शिक्का घेऊन या." शिक्क्याची लाइन मोठी असते ते बरंच आहे. मुलगी असेल आणि डॉक्टर पुरुष असेल तर सिस्टरला नजरेच्या टप्प्यात ठेवा, कानाच्या नको.

मग विचारायच्या आधीच गुप्ततेचं बोलून घ्या. तू सांगशील ते घरी जाणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका असेल, तुझ्यामुळे दुसऱ्याच्या जिवाला असेल किंवा तुला कुणी त्रास देत असेल तर मला मदत घ्यावी लागेल, एवढं स्पष्ट. बरेच जण "कोण्णाला नाही सांगणार" असं छातीठोक सांगून बसतात आणि इथेच घोळ होतो, कारण २०१२ च्या पॉक्सो कायद्याने १८ च्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की ते कळवणं बंधनकारक आहे, आणि त्या वयातली संमती कायदा मानत नाही, म्हणजे सतरा वर्षांच्या मुलीचं राजीखुशीचं प्रकरणही त्यात येतं.

प्रश्नांसाठी हेड्स नावाची पद्धत आहे, सोप्याकडून अवघडाकडे जायचं एवढीच गंमत. घरी कोण कोण असतं, शाळा, जेवण, मित्र-मोबाइल, मग नशा, लैंगिक गोष्टी, मन, आणि मारहाण-रॅगिंग-गाडी पळवणं वगैरे. नशेचं थेट विचारू नका. "तुमच्या वर्गात मावा किती जण खातात?" एकाने मला लगेच पाच बोटं दाखवली. "आणि तू?" त्याने केसपेपरचा कोपरा दुमडला, उलगडला, परत दुमडला. मी गप्प बसले. "कधीतरी... मॅचच्या दिवशी." मी लगेच कॅन्सरवर भाषण सुरू केलं असतं तर पुढचं काहीच आलं नसतं, आणि पुढचं खरं होतं, आठवडाभर तो शाळेतच गेला नव्हता.

उदासी वाटली तर पीएचक्यू-नाइन ही उदासीची प्रश्नावली भरून घ्या. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३, एकूण १० किंवा जास्त आले तर पुढे नीट तपासायचं. हे निदान नाही, चाळणी आहे. पण नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे, तिथे शून्य सोडून काहीही असेल तर बेरीज बघत बसू नका, त्याच दिवशी बोला. "विचारलं की डोक्यात शिरेल" ही भीती खोटी आहे, उलट पोरं सुटल्यासारखी बोलतात. "जीव द्यावासा वाटतो का, कसा ते ठरवलंयस का?" असं सरळ विचारा.

हो म्हणालं तर त्याला एकटं सोडायचं नाही, आईला आत बोलवायचं, तेही पोराला सांगून, आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे त्याच दिवशी. शेतकऱ्याचं घर असेल तर फवारणीचं औषध घरातून हलवायला लावा, कुलूप लावून नातेवाइकाकडे ठेवा म्हणा, हे औषधगोळ्यांइतकंच महत्त्वाचं. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. बाकी हलक्या केसेस सरकारी दवाखान्यातल्या मैत्री क्लिनिकला पाठवा, १० ते १९ वयाच्यांसाठीच आहे ते.

पुढची तारीख मात्र हातात द्यायचीच, "वाटलं तर ये" म्हटलं की पोरगं येत नाही. आणि आईच्या हातात जाणाऱ्या केसपेपरवर मी एवढंच लिहिते: डोकेदुखी, फेरतपासणी.