स्पोर्ट टूररवरून ॲडव्हेंचर बाइकवर येताय? या चुका टाळा

कोल्हापुरातून पश्चिमेला निघालं की कुठला ना कुठला घाट लागतोच. गगनबावड्यावरून करूळ किंवा भुईबावडा, राधानगरीवरून फोंडा, मलकापूरवरून आंबा, आजऱ्यावरून आंबोली. दुसऱ्या बाजूला पुणे-बेंगळुरू महामार्ग आहे. एका दिवसात शंभरच्या वेगाचा डांबरी रस्ता आणि गुडघाभर चिखलाची पाणंद असं दोन्ही भेटतं. त्यामुळं स्पोर्ट टूरर (डांबरावर लांब पल्ला मारायची वेगवान गाडी) विकून कच्च्या रस्त्यावरही चालणारी ॲडव्हेंचर बाइक घ्यायचा निर्णय आपल्याकडं शहाणपणाचाच आहे. त्रास होतो तो पुढं. गाडी घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात क्रॅशगार्ड, फॉग लाइट, ॲल्युमिनियमचे तीन डबे, सगळं बसतं. चेन किती ढिली ठेवायची, ट्यूब कुठल्या मापाची लागते, हे मात्र कुणी विचारत नाही. ज्यांना पहिल्याच रविवारी घाट गाठायचा असतो त्यांनी निदान पुढचा चेनचा भाग तरी वाचून मग निघावं.

चेन जुन्या सवयीनं ताणणे

ही चूक सगळ्यात महाग पडते आणि सगळ्यात उशिरा कळते. स्पोर्ट टूररला खालच्या बाजूला मधोमध साधारण २५ ते ३० मिमी ढील ठेवायची सवय हाताला लागलेली असते. ॲडव्हेंचर बाइकची चेन बघितली की ती लोंबल्यासारखी दिसते. मग पाना घेऊन ती ‘नीट’ केली जाते.

ती ढील मुद्दाम ठेवलेली असते. पुढचं स्प्रॉकेट (चेन ओढणारं दातेरी चक्र), स्विंगआर्मचा (मागचं चाक धरून वरखाली हलणाऱ्या दांड्याचा) पिन आणि मागचा ॲक्सल हे तीन बिंदू सरळ रेषेत आले की स्प्रॉकेट आणि ॲक्सल यांच्यातलं अंतर सर्वांत जास्त होतं, म्हणजे चेन सर्वांत ताठ होते. स्पोर्ट टूररचं मागचं सस्पेन्शन १२०-१३० मिमी हलतं, त्यामुळं हा फरक थोडाच पडतो. ॲडव्हेंचर बाइकचा प्रवास २०० मिमीच्या आसपास असतो. साइड स्टँडवर स्विंगआर्म बराच खाली लटकलेला असतो. दोन माणसं बसली आणि खड्डा आला की तो सरळ रेषेत येतो. तेवढ्यापुरती ढील शिल्लक नसेल तर चेनच सस्पेन्शन अडवते आणि सगळा ताण गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टवर, म्हणजे पुढचं स्प्रॉकेट ज्यावर बसतं त्या दांड्यावर जातो.

एक नमुना सांगतो, कारण असंच पुन्हा पुन्हा घडतं. चारशे सीसीची स्पोर्ट टूरर पाच-सहा वर्षं चालवलेला एक जण नव्या ॲडव्हेंचर बाइकवर बायकोला घेऊन, मागं सामान बांधून फोंड्याला निघाला. आदल्या रात्री चेन जुन्या अंदाजानं ताणून ठेवली होती. राधानगरीच्या पुढं रस्ता खराब झाला तशी गाडी मागून दणके द्यायला लागली. वाटेतल्या गॅरेजवाल्यानं सांगितलं, “शॉकअप लई कडक आहे बघा,” आणि प्रीलोड (शॉकअपच्या स्प्रिंगचा आधीचा दाब) दोन खाचा कमी केला. इथं दुखणं वाढलं. प्रीलोड कमी केल्यावर गाडी आणखी बसली, स्विंगआर्म त्या सरळ रेषेच्या आणखी जवळ गेला आणि चेन जवळजवळ कायमच ताठ राहू लागली. घाट उतरून खाली पोचेपर्यंत पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरखालून तेल गळायला लागलं होतं. गाडी टेम्पोत घालून कोल्हापूरला आणावी लागली. आउटपुट शाफ्टचं सील गेलं होतं, बेअरिंगला आवाज होता, स्प्रॉकेटचे दात एका बाजूनं झिजलेले. शॉकअप ठणठणीत होता. पूर्ण प्रवासात एकानंही चेनला हात लावून बघितलं नाही.

माझी पद्धत अशी. नवी गाडी आली की पहिल्या दिवशीच हे काम करायचं. मॅन्युअलमधला आकडा आणि तो कुठं मोजायचा ते आधी वाचायचं. बऱ्याच गाड्यांना ३५ ते ४५ मिमी असतो, काहींना त्याहून जास्त. मग दोन जणांना गाडीवर बसवून किंवा पट्ट्यानं मागची बाजू दाबून ते तीन बिंदू एका रेषेत आणायचे. त्या अवस्थेतही चेन हातानं १० ते १५ मिमी हलली पाहिजे. हलत असेल तर गाडी सोडून साइड स्टँडवर पुन्हा मोजायचं आणि तो आकडा चेनगार्डच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवायचा. मोजताना चाक फिरवून चार ठिकाणी बघायचं आणि सर्वांत ताठ जागा धरायची. ॲक्सलचा नट टॉर्क पान्यानंच आवळायचा, पायानं पाना दाबून नाही. चेन दोन-चार मिमी जास्त ढिली राहिली तर फक्त खडखडते. ताठ राहिली तर इंजिन खोलायला लावते.

उंची कमी करायला लिंक बदलणे

सीटची उंची ८२५-८५५ मिमी बघून साडेपाच फुटांचा माणूस घाबरतो, आणि दुकानात मागच्या सस्पेन्शनच्या लिंकच्या जागी बसणाऱ्या दोन लोखंडी पट्ट्या मिळतात. त्या लावल्या की गाडी ३०-४० मिमी खाली येते. सोबत ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाखालची मोकळी उंची) जातो, ज्यासाठी पैसे मोजले तोच. फोर्क, म्हणजे पुढचं सस्पेन्शन, सरकवून पुढची बाजू तेवढीच खाली घेतली नाही तर गाडी मागं झुकलेली राहते आणि वळणात पुढचं चाक हलकं लागतं. शिवाय साइड स्टँड आता लांब पडतो. गाडी जवळजवळ उभी राहते, डबे भरलेले असतात, आणि घाटातल्या पॉइंटवर चहाला थांबलात की वाऱ्याच्या झोताबरोबर ती उजव्या बाजूला पडते. ब्रेक लिव्हर तुटतो, आणि सुटा लिव्हर गगनबावड्यात कुठं मिळणार?

ही खरेदी करूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी कंपनीची कमी उंचीची सीट बघा. जाड तळव्याचे बूट घाला, त्यानंच २०-२५ मिमी मिळतात. आणि एका पायावर थांबायला शिका: थांबायच्या आधी कंबर डावीकडं सरकवायची, डावा पाय पूर्ण टेकवायचा, उजवा पाय मागच्या ब्रेकवरच. दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत हा हट्ट सोडला की हा प्रश्न आठ दिवसांत संपतो. थांबायची जागा मात्र निवडा. एका बाजूला उतार असेल तर चार फूट पुढं जाऊन थांबा.

टायरची हवा आणि ट्यूब

आधीच्या गाडीला अलॉय व्हील आणि ट्यूबलेस टायर होते. पंक्चर झालं तर चिकट दोरी घातली, हवा भरली, निघालो. नव्या गाडीला स्पोकची रिम असेल तर बहुतेक वेळा आत ट्यूब असते, आणि ती दोरी तिथं काही कामाची नाही. हे लोकांना पहिल्या पंक्चरला कळतं. गावातला पंक्चरवाला ट्यूबचं काम उत्तम करतो, पण त्याच्याकडं २१ इंची ट्यूब टांगलेली नसते. ती तुमच्याच बॅगेत हवी.

सोबत ठेवायचं ते एवढंच: पुढची आणि मागची एकेक ट्यूब, तीन टॉमी (टायर उचकटायच्या लोखंडी पट्ट्या), दोन्ही ॲक्सलला बसणारे पाने, वॉल काढायची किल्ली, पॅचचं पाकीट, छोटा कंप्रेसर किंवा हातपंप आणि साबणाच्या पाण्याची छोटी बाटली. जागा नसेल तर एकटी २१ इंची ट्यूब घ्या. अडचणीत ती मागच्या १७ इंची चाकात घडी न पडू देता बसवून हळूहळू घरी येता येतं.

आणि हे काम घरी, दारात, एकदा स्वतः करून बघा. वॉल काढून हवा पूर्ण सोडायची. टायरची कड दोन्ही बाजूंनी रिमपासून सुटी करायची. टॉमी घालताना समोरच्या बाजूची कड गुडघ्यानं रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरायची. तिथं ती दबलेली नसेल तर कितीही जोर लावा, टायर निघत नाही. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवायचं, बोट नाही, कारण खिळा किंवा काटा आतच असतो. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून मगच ती आत सरकवायची, म्हणजे तिला पीळ पडत नाही. कड बसवताना शेवट वॉलपाशी करायचा. शेवटच्या टॉमीला ट्यूब चिमटते, आणि घाई करणारा तिथंच दुसरं पंक्चर स्वतःच्या हातानं करतो.

हवेचं बोलायचं तर, महामार्गावर स्टिकरवरचाच आकडा. लाल मातीच्या ओल्या रस्त्यावर पुढं २०-२२, मागं २२-२५ पीएसआयपर्यंत खाली यायला हरकत नाही. टायर पसरतो आणि पकडतो. पण जांभ्याच्या किंवा काळ्या दगडांच्या वाटेवर २५ च्या खाली जाऊ नका. दगडाच्या कडेवर टायर रिमपर्यंत दबतो आणि ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. कमी हवेत टायर रिमवर सरकतो आणि वॉल तिरकी होते. म्हणून वॉलचा नट रिमला आवळून ठेवू नका, वर टोपीला टेकवून ठेवा. वॉल तिरकी दिसली की लगेच कळतं, आणि देठ तुटत नाही. डांबरावर आल्यावर वेग वाढवायच्या आधी हवा भरा. प्रेशर गेज स्वतःचा ठेवा आणि टायर थंड असतानाच मोजा. दोन पेट्रोल पंपांचे आकडे जुळतीलच असं नाही.

वळण आणि ब्रेक

स्पोर्ट टूररवर उशिरा, जोरात ब्रेक धरून वळणात शिरायची सवय असते. २०० मिमीचे फोर्क त्या ब्रेकनं एकदम खाली जातात, ब्रेक सोडला की वर उसळतात, आणि नेमकं त्याच क्षणी तुम्ही गाडी झुकवत असता. ब्रेक आधी धरा. पहिला दाब हलका, फोर्क बसू द्या, मग वाढवा. मागचा ब्रेक अर्धा सेकंद आधी लावला तर गाडी सपाट बसते. पुढचं चाक २१ इंची आणि टायर ९० मिमी रुंद असेल तर हँडल थोडं जास्त ढकलावं लागतं आणि गाडी सावकाश झुकते. यात बिघाड काही नाही.

ढेकळाच्या किंवा खडीच्या वळणावर गुडघा काढून आत झुकू नका. तिथं उलटं करायचं: अंग सरळ, गाडी खाली, भार बाहेरच्या फूटरेस्टवर. ऊसहंगामात हे डांबरावरही लागतं. ट्रॉल्यांच्या चाकांबरोबर रानातली माती रस्त्यावर येते, पहाटेच्या दवानं ती साबणासारखी होते, आणि ती नेमकी शेताच्या वाटेच्या तोंडाशी, वळणावर असते.

बऱ्याच गाड्यांमध्ये मागचं एबीएस (ब्रेक धरल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बंद करता येतं. सुट्या खडीच्या उतारावर ते बंद असलेलं बरं, कारण चाक थोडं लॉक होऊन खडी साठवतं आणि गाडी थांबते. पण अनेक गाड्यांत इग्निशन बंद केलं की एबीएस पुन्हा चालू होतं. फोटोसाठी थांबून परत निघताना डॅशबोर्ड बघायचा, हे अंगवळणी पाडा.

बाकीचं थोडक्यात

उभं राहून चालवताना हँडलला लोंबकळू नका. गुडघ्यांनी टाकी धरा, नजर वीस-तीस मीटर पुढं. दोन्ही लिव्हर थोडे खाली फिरवून घ्या, नाहीतर उभ्यानं मनगट मोडतं. सराव शेजारच्या पाणंदीत करा, पहिल्या गिअरमध्ये, पंधरा-वीसच्या वेगानं. सड्यांवर (कातळाच्या पठारांवर) आणि अभयारण्यात गाडी घालू नका. तिथली फुलं आणि जनावरं तुमच्या सरावासाठी नाहीत.

शिरोळ, हातकणंगल्याच्या काळ्या रानात वापसा आल्याशिवाय जाऊ नका. माती पुढच्या मडगार्डमध्ये दाबून बसते आणि चाक फिरायचंच थांबतं.

सामान मागच्या ॲक्सलच्या पुढं आणि खाली. टॉप बॉक्समध्ये पाण्याच्या बाटल्या आणि हत्यारं भरली की महामार्गावर हँडल हलायला लागतं, आणि लोक बेअरिंग बदलत बसतात. कच्च्या रस्त्यावर कडक डब्यांपेक्षा कापडी बॅगा घ्या. घसरताना पाय टेकवलात तर डबा पोटरीवर येतो.

क्रॅशगार्ड कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घेत असाल तर वेल्डिंगपेक्षा तो कुठल्या बोल्टवर बसतो ते आधी बघा. एकाच इंजिन माउंटवर सगळा भार असेल तर पडल्यावर गार्ड टिकतो आणि माउंट तुटतं.

प्रीलोड भाराप्रमाणं बदला. तुम्ही बसल्यावर मागची बाजू एकूण प्रवासाच्या साधारण तीस टक्के बसली पाहिजे, म्हणजे २०० मिमीला ६० मिमी. मागं माणूस आणि सामान आलं की प्रीलोड वाढवायचाच.

स्पोक पहिल्या ५०० किलोमीटरनंतर पान्यानं हलकेच वाजवून बघा. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तो ढिला आहे. एकच ढिला स्पोक स्वतः जोरात आवळू नका, रिम वाकडी होते; चाक खरं करणाऱ्याकडं न्या. एअर फिल्टर धुळीच्या प्रत्येक मोठ्या फेरीनंतर उघडून बघा, सर्व्हिसची वाट बघू नका.

गाडी पडली तर आधी इग्निशन बंद. उजवीकडं पडली असेल तर साइड स्टँड आधी उघडा आणि गाडी गिअरमध्ये टाका. मग गाडीकडं पाठ करून बसा, एका हातात हँडलची खालची मूठ, दुसऱ्या हातात मागची ग्रॅबरेल, पाठ ताठ, आणि पायांनी मागं मागं चालत उभी करा. दोनशे किलो कमरेनं उचलायला गेलात तर गाडी उभी राहील, तुम्ही आठवडाभर आडवे. डबे भरलेले असतील तर आधी ते काढा.