रानात पाणी साचलं की युरियाच्या आधी हवेचं बघा

सप्टेंबरात आपल्याकडं परभणी, हिंगोली, नांदेडला पावसाची झड लागली की कापूस पिवळा पडतो अन् सगळे पहिल्यांदा युरियाची बॅग आणायला पळतात. थांबा जरा, आधी टाकलेलं नत्र (नायट्रोजन) गेलं कुठं ते समजून घ्या, नाहीतर ही बॅग पण त्याच वाटेनं जाईल.

मातीत सुडोमोनास, बॅसिलस असे जिवाणू असतात. हवा मिळते तोवर ते ऑक्सिजनवरच जगतात, पण मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की हवा आत यायची जवळपास बंदच होते, कारण पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा साधारण 10,000 पट हळू सरकतो, अन् आत जो उरलेला असतो तो मुळं आणि जिवाणू मिळून संपवून टाकतात. मग हेच जिवाणू ऑक्सिजनच्या जागी नायट्रेट, म्हणजे युरियातलं नत्र मातीत ज्या रूपात बदलतं ते, वापरायला लागतात. नायट्रेटचं नायट्राइट, मग नायट्रिक ऑक्साइड, मग नायट्रस ऑक्साइड, शेवटी नायट्रोजन वायू, म्हणजे पिकाचं नत्र हवेत. साधारण 60 टक्के पोकळी पाण्यानं भरली की हे सुरू होतं, 80 च्या पुढं जोरात. आपली काळी माती फुगून भेगा मिटतात, त्यामुळं इथं ही वेळ लवकर येते.

यातली शेवटची पायरी, नायट्रस ऑक्साइडचा नायट्रोजन व्हायची, ऑक्सिजनला सगळ्यात नाजूक. थोडीफार हवा असली तरी ही पायरी अडते, म्हणून अर्धवट ओल्या रानातून नायट्रस ऑक्साइड जास्त सुटतो, अन् हा वायू 100 वर्षांच्या हिशोबानं कार्बन डायऑक्साइडच्या 270 पटीच्या आसपास उष्णता धरतो.

आता करायचं काय, तर पहिलं पाणी काढा. उताराच्या बाजूनं चर पाडा, बांध फोडायचा असंल तर शेजाऱ्याला विचारून फोडा. मग कुदळीनं वीतभर खोदून बघा. माती करडी-निळसर अन् कुजका वास येत असंल तर खाली हवा नाही, खत टाकूच नका. मूठभर माती दाबा, गोळा झाला अन् खाली टाकल्यावर फुटला तर वाफसा आला (ओल अन् हवा दोन्ही बेताची), हाताला चिकटत असंल तर अजून थांबा. वाफसा आला की कोळपं फिरवा, वरची पापडी मोडली की हवा आत जाते, अन् त्यानंतरच युरिया, तो पण थोडा थोडा, मातीआड करून. 45 किलोच्या बॅगेत नत्र जेमतेम 20.7 किलो असतं, एका झडीपुढं ते सगळं एकदम ठेवायचं कशाला?

तोवर पीक धरून ठेवायचं असंल तर उघडीप बघून 2 टक्के युरियाची फवारणी घ्या, 15 लिटरच्या पंपाला 300 ग्रॅम.

कडुनिंब लावलेला युरिया (2015 पासून देशात सगळाच तसा येतो) नायट्रेट व्हायची गती कमी करतो, तेवढाच फायदा, पाणी तुंबलेल्या रानाला त्याचा आधार धरू नका. अन् कच्चं शेणखत ओल्या रानात युरियासोबत अजिबात नको, ते कुजताना उरलासुरला ऑक्सिजन खातं आणि जिवाणूंना खाद्य पण देतं. शेणखत चांगलं कुजवून उन्हाळ्यातच रानात मिसळा, अन् पेरणी रुंद वरंबा-सरीवर करा, म्हणजे झडीत पाणी सरीतून निघून जातं.