स्वीट स्टाउट चाखताय? या चुका टाळा

स्वीट स्टाउट म्हणजे भाजक्या धान्याची काळी, गोडसर बिअर; हिलाच मिल्क स्टाउटही म्हणतात. ती चाखून गुण द्यायला बसलात की काय चुकतं, ते सांगतो. आमच्या साताऱ्यातल्या मंडळींकडे क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या ब्रुअरीत बनलेली, येते ती बहुधा पुण्याहून, कुणाच्या तरी गाडीच्या डिकीतून. पहिला घोळ तिथेच होतो. मे महिन्यात डिकी भट्टीसारखी तापते आणि उष्णतेने बिअर लवकर शिळी पडते. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला की लगेच ब्रुअरला नावं ठेवू नका, आधी ती आली कशी ते विचारा. बर्फाचा डबा सोबत असू द्या.

घरी आल्यावर नेमकं उलटं होतं. फ्रिजमधून काढली की थेट ग्लासात. एवढ्या गारठ्यात कॉफी-चॉकलेटचा वास दबून जातो, हाती लागतो तो नुसता कडवटपणा. स्टाउट 10 ते 13 अंशांवर प्यावी. उन्हाळ्यात पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवली तरी पुरे. स्टीलचा पेला नको, काचेचा ग्लास घ्या आणि तो नीट विसळा. भांड्याच्या साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला की फेस बसतो, मग सगळे म्हणतात, ‘बिअरच गेलेली दिसते.’

आता पेढे. पाहुणचार म्हणून कंदी पेढ्यांचा बॉक्स आधीच उघडला जातो. पेढ्यावर घोट घेतला की चांगली स्टाउटसुद्धा पातळ आणि कडू लागते. लसूण घातलेलं भडंग त्याहून वाईट. चाखताना साधा पाव आणि पाणी एवढंच ठेवा. गुण देऊन झाले की पेढे जरूर काढा. भाजलेला खवा आणि भाजलेलं धान्य यांचं छान जमतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘गोड आहे का?’ एवढ्यावरच निकाल देणं. या बिअरमध्ये लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, घालतात. बिअरचं यीस्ट ती खाऊ शकत नाही, म्हणून ती शेवटपर्यंत उरते. पण तिची गोडी साध्या साखरेच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकीच. तिचं खरं काम बिअरला अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा दाटपणा, देण्याचं. तेव्हा बघायचं ते असं : गोडी भाजकेपणाला सांभाळून घेते का? गिळल्यावर तोंडात पाक चिकटून राहिला तर गुण कापा, जळकी राख उरली तरी कापा. गिनेसची सवय असलेला गडी हिला हमखास ‘फार गोड’ म्हणणार. ती ड्राय, म्हणजे गोडी जवळजवळ नसलेली स्टाउट, ही वेगळी. रंगावरून ‘कडक असणार’ म्हणणारेही भेटतात. बीजेसीपी (बिअरचे परीक्षक तयार करणारी अमेरिकी संस्था) हिच्या निकषांत हिचं अल्कोहोल 4 ते 6 टक्के आहे, म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याच ‘स्ट्राँग’ बिअरपेक्षा कमीच. त्याच संस्थेच्या 50 गुणांच्या तक्त्यात दिसण्याला फक्त 3 गुण असतात, वासाला 12 आणि चवीला 20. काळ्या रंगावर भाळायला जागाच नाही!

दोष ओळखताना कडू आणि तुरट यांची गल्लत होते. कडू जिभेला कळतं. तुरटपणाने हिरड्या आणि गाल आवळल्यासारखे होतात. बिअर बनवताना धान्य फार गरम पाण्याने किंवा गरजेपेक्षा जास्त धुतलं की तो उतरतो. लोण्यासारखा वास वाटला तर ग्लास तळहातांत धरून ऊब द्या आणि पुन्हा हुंगा; वास वाढला तर तो डायअॅसिटिल, म्हणजे आंबताना तयार होणारं लोण्याच्या वासाचं रसायन. किंचित चालतो, पण अख्खा ग्लास लोण्याचा लागला तर आंबवण पूर्ण होण्याआधीच यीस्ट बाजूला काढलं असावं. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर अजून कच्ची. भाजक्या धान्याची हलकी आंबट धार असतेच, तिला दोष धरू नका. मात्र दह्यासारखी आंबट लागली आणि झाकण काढताच फेस उसळून बाहेर आला, तर जिवाणू किंवा रानटी यीस्ट शिरलंय. काही जिवाणूंना लॅक्टोज पचतं.

गुण लिहून होईपर्यंत कुणी तोंड उघडू नये. एकाने ‘व्हॅनिला!’ म्हटलं की सगळ्यांना व्हॅनिला लागायला लागतो.

आणि ज्याला दूध पचत नाही, त्याला ओतण्याआधीच सांगा. बाटलीवर ‘मिल्क’ लिहिलेलं असेलच असं नाही.